सगळीच मूळव्याध नसते

शौचाच्या जागी दुखले, रक्त दिसले किंवा खाज सुटली की आपल्याकडे त्याला सरसकट 'मूळव्याध' म्हणतात. मग लाजेपोटी घरात कोणाला न सांगता सुरण खाणे, ताक पिणे, कोणाच्या तरी झाडपाल्याची पुडी आणणे सुरू होते. त्यात महिने जातात. वास्तविक या जागी होणारे आजार अनेक आहेत व त्यांची लक्षणेही वेगवेगळी असतात. रुग्णाने स्वतःला पहिला प्रश्न विचारावा तो हा : दुखते की दुखत नाही?

गुदद्वाराच्या कडेपासून साधारण २ सेंटिमीटर आत एक सीमारेषा असते. तिच्या वरच्या भागाला वेदना फारशी कळत नाही. खालची त्वचा मात्र अतिशय नाजूक असते. आतली मूळव्याध या रेषेच्या वर होते, म्हणून ती दुखत नाही, नुसते रक्त पडते. हे रक्त लालभडक असते व शौचाच्या वेळी थेंब थेंब किंवा धारेने येते. पुढे मोड बाहेर येऊ लागतो. आधी तो आपोआप आत जातो, नंतर बोटाने सारावा लागतो.

शौचाच्या वेळी काच कापत गेल्यासारखे वाटत असेल आणि नंतर तास-दोन तास आग होत असेल, तर बहुधा ती मूळव्याध नव्हेच. कडक शौचामुळे तेथील त्वचेला चीर पडलेली असते. डॉक्टर तिला फिशर म्हणतात. दुखते म्हणून रुग्ण शौच टाळतो, त्यामुळे ते आणखी कडक होते व चीर पुन्हा उसवते. यावर रात्री इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्यावे, पालेभाज्या वाढवाव्यात आणि दिवसातून दोन-तीनदा घमेल्यात कोमट पाणी घेऊन १०-१५ मिनिटे बसावे. संडासात कुंथत बसू नये. (हे वर्तमानपत्रही तेथे नेऊ नये.) ताजी चीर बहुधा काही आठवड्यांत भरते. ६ आठवड्यांनीही भरली नाही, तर शल्यचिकित्सकाकडे जावे.

एका रात्रीत कडेला जांभळट, टणक, दुखरी गाठ आली, तर ती बहुधा साकळलेल्या रक्ताची असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत दाखविल्यास ती काढता येते, एरवी आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरू लागते. मात्र ठसठस, सूज आणि ताप असेल तर ते गळू समजावे. अशा वेळी नुसत्या गोळ्यांवर राहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, पू काढावाच लागतो. मधुमेह्यांनी तर एक रात्रही थांबू नये. गळू फुटले की बरे वाटते, पण पुष्कळांच्या बाबतीत आत एक बोळ शिल्लक राहतो, त्यातून पू येत राहतो. हेच भगंदर. सुश्रुताने त्याची गणना आठ महागदांत, म्हणजे बरे होण्यास कठीण अशा रोगांत केली आहे. शस्त्रक्रिया किंवा क्षारसूत्र हाच त्यावरचा मार्ग. मलमाने तो बोळ बुजत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. गुदाशयाचा कर्करोगही सुरुवातीला दुखत नाही. नुसते रक्त जाते आणि माणूस 'जुनी मूळव्याध आहे' म्हणून स्वस्थ बसतो. दोन्ही आजार एकाच रुग्णात असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे. रक्त शौचात मिसळलेले वा काळसर असणे, आव पडणे, शौचाची नेहमीची सवय काही आठवडे बदललेली राहणे, पोट साफ न झाल्याची भावना, वजन घटणे, अंगातले रक्त कमी होणे, यांपैकी काहीही असल्यास तपासणी करून घ्यावी. चाळिशीनंतर प्रथमच रक्त दिसले, तर दुसरे लक्षण नसले तरी दाखवावे. हा रोग तरुणांतही आढळतो. लवकर सापडला तर तो बरा होऊ शकतो.

भिंतीवर रंगविलेल्या 'एका इंजेक्शनात मूळव्याध गायब' अशा जाहिरातींच्या मागे जाऊ नये. बिब्बा तर मुळीच लावू नये, कातडी भाजून निघते.

तपासणीचे भय पुष्कळांना, विशेषतः स्त्रियांना वाटते. बाळंतपणाच्या सुमारास मोड येणाऱ्या कितीतरी जणी तो त्रास वर्षानुवर्षे अंगावर काढतात. डॉक्टर कुशीवर निजवून हातमोजा घालून बोटाने तपासतात, त्याला मिनिट-दोन मिनिटे लागतात. स्त्री डॉक्टर हवी असल्यास तसे सांगावे. परिचारिका किंवा घरची बाई जवळ थांबू शकते. फार दुखत असेल तर डॉक्टर त्या दिवशी आतून तपासणी करीत नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी बरोबर न्यावी, आपल्या मनाने त्या बंद करू नयेत.