घरचा दूरध्वनी बदलताना : तांब्याच्या तारेकडून इंटरनेटकडे

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील आपली बहुतेक कुटुंबे दोन ठिकाणी नांदतात. मिळवती माणसे मुंबईत, पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडला आणि वडीलधारी माणसे गावी. या दोन घरांना जोडणारा दुवा पूर्वी पोस्टमन होता. अडीअडचणीला तार होती. पुढे बाजारपेठेत एस.टी.डी.चे बूथ निघाले आणि त्यानंतर घरोघरी दूरध्वनी आला. आता तोही बदलतो आहे. तांब्याची तार जाऊन तिच्या जागी काचेचा तंतू, म्हणजे फायबर, येत आहे आणि त्यावरून इंटरनेटच्या मार्गे बोलण्याची सोय मिळते आहे. हा बदल करावा की नाही, करायचा तर काय पाहून करावा, अशी विचारणा आपल्या सभासदांकडून वारंवार होते. म्हणून प्रस्तुत लेखात या विषयाची माहिती देण्याचे आम्ही योजिले आहे. आमच्या स्वतःच्या घरी हा बदल करताना आमच्याकडून एक चूक झाली. तिचाही उल्लेख पुढे येईल.

प्रथम थोडा इतिहास पाहू. दूरसंचाराच्या बाबतीत आपला भाग मागासलेला होता असे म्हणावे, तर ते अर्धेच खरे आहे. नारायणगावजवळच्या आर्वी येथे सत्तरच्या दशकाच्या आरंभी देशाचे परदेशी दळणवळणाचे पहिले उपग्रह भूकेंद्र उभे राहिले. डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव त्यास देण्यात आले. परदेशचे संभाषण या केंद्रातून ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडे जाई. पण त्याच केंद्राच्या आसपासच्या गावांतील माणसाला मुंबईच्या मुलाशी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसावे लागे! १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि तिने खेड्यांसाठी छोटी स्वयंचलित एक्स्चेंज तयार केली, तेव्हा कुठे परिस्थिती पालटू लागली. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात प्रत्येक खेड्यात दूरध्वनी नेण्याचे उद्दिष्ट होते. १९९५ च्या जुलैअखेर देशात मोबाईल आला आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तार मात्र जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली.

फायबरही आपल्या मातीला नवे नाही. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० ॲन्टेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत आणि त्या नव्वदच्या दशकातच मुख्य इमारतीशी फायबरने जोडल्या गेल्या. फायबरमधून प्रकाश जातो. त्यातून रेडिओ लहरी बाहेर पडत नाहीत, म्हणून दुर्बिणीस त्याचा उपद्रव नाही. म्हणजे आज घरी येणारा तंतू आपल्या शेताच्या बांधाखालून ग्रह-ताऱ्यांच्या बातम्या केव्हाच वाहू लागला होता. माणसांच्या बातम्यांसाठी मात्र आणखी वीस-पंचवीस वर्षे जावी लागली. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्र सरकारची योजना २०११ साली मंजूर झाली. तीच पुढे भारतनेट म्हणून ओळखली जाऊ लागली.

आता या दोन्ही पद्धतींत मूलभूत फरक काय, ते समजून घेऊ. जुन्या दूरध्वनीत आपल्या घरापासून एक्स्चेंजपर्यंत तांब्याच्या तारेची स्वतंत्र जोडी असते. त्या जोडीवरून आवाज तर जातोच, पण त्याचबरोबर फोन चालविण्यासाठी लागणारी सुमारे ४८ व्होल्टची वीजही एक्स्चेंजमधूनच येते. एक्स्चेंजमध्ये मोठ्या बॅटऱ्या असतात आणि त्यांच्या मदतीला डिझेल इंजिन असते. त्यामुळे घरातली लाईट गेली, तरी रिसीव्हर उचलताच कानात डायल टोन वाजतो. आपल्यापैकी कित्येकांनी हा फोन पंधरा-वीस वर्षे वापरला, पण तो स्वतःची वीज सोबत घेऊन येतो ही गोष्ट कधी ध्यानात घेतली नाही. आम्हीही त्यातलेच.

इंटरनेटवरील दूरध्वनीचे काम निराळे आहे. यात आपल्या आवाजाचे दर सेकंदास ८,००० वेळा मोजमाप होते आणि त्या मोजमापाचे आकडे तयार होतात. ते आकडे छोट्या छोट्या पुडक्यांत भरले जातात. साधारणतः एका सेकंदाच्या बोलण्याची ५० पुडकी होतात. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट मुंबईला निघतात, त्यावरून हे सहज समजेल. जुना फोन म्हणजे एका शेतकऱ्यासाठी अख्खा रस्ता राखून ठेवणे होय. नव्या पद्धतीत सर्वांचे क्रेट एकाच रस्त्याने, मिळेल त्या गाडीतून जातात. प्रत्येक क्रेटवर क्रमांक असतो आणि वाशीला उतरल्यावर ते पुन्हा क्रमाने लावले जातात. एखादा क्रेट फार उशिरा आला तर त्याची वाट न पाहता तो टाकून द्यावा लागतो. फोनवर मधूनच अक्षर गळते किंवा आवाज चिरका होतो, तो याच कारणाने. एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूस पोहोचण्यास सेकंदाच्या सातव्या भागापेक्षा अधिक वेळ लागला, तर बोलणारी माणसे एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात. उपग्रहामार्गे बोलताना तर पाव सेकंद लागे. परदेशी फोनवर बोलताना मध्येच थांबण्याची सवय जुन्या लोकांना होती, ती त्यामुळेच. फायबर चांगले असेल तर ही अडचण सहसा येत नाही. संभाषणाला दर सेकंदास १०० किलोबिटही लागत नाहीत, म्हणून त्यासाठी सर्वांत महागडी योजना घेण्याचे कारण नाही.

‘इंटरनेट फोन’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात, हेही लक्षात ठेवावे. पहिली म्हणजे फायबरच्या डब्याला मागच्या बाजूने आपला नेहमीचा फोन जोडणे. यात एस.टी.डी. कोडसह रीतसर क्रमांक मिळतो. दुसरी म्हणजे मोबाईलमधल्या ॲपवर मिळणारा क्रमांक. आपल्या देशात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून परदेशी बोलण्यास परवानगी मिळाली, पण देशातल्या देशात साध्या फोनवर असे बोलण्याचा मार्ग २०१८ मध्ये मोकळा झाला. त्याच वर्षी भारत संचार निगमाने अशी सेवा आणली. तिसरी गोष्ट व्हॉट्सॲपची. त्यावर नातवंडांचे तोंड दिसते हे खरे, परंतु त्यावरून ११२ किंवा रुग्णवाहिकेचा १०८ लावता येत नाही. घरचा दूरध्वनी बदलायचा असेल तर पहिलाच प्रकार विचारात घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फायबरचे फायदे नाकारण्याचे कारण नाही. पावसाळ्यात तारेच्या सांध्यांत पाणी शिरून होणारी खरखर यात नाही. काच वीजवाहक नसल्याने तंतूवाटे आकाशातल्या विजेचा झटका घरात येत नाही. तांबे चोरीस जाते, काच कोणी चोरीत नाही. शिवाय तांब्याच्या लाईनची डागडुजी करणारी माणसे निवृत्त होत गेली आणि फोन डेड झाला की महिना-महिना तसाच पडून राहू लागला, हा अनुभव सर्वांचाच आहे. तेव्हा बदल टाळता येण्यासारखा राहिलेला नाही.

आता आमच्या चुकीविषयी. मंचरच्या घरी आमची आई एकटी असते. २०२० च्या आरंभी आम्ही जुनी जोडणी परत केली आणि फायबरची घेतली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि पुढे आपल्या तालुक्यांतही त्याने झाडे, पत्रे आणि विजेचे खांब पाडले. टाळेबंदीमुळे आम्ही मुंबईत अडकलेलो. दुपारी गावची लाईट गेली, तसा घरातला फायबरचा डबा बंद पडला आणि त्याबरोबर फोनही मुका झाला. आईचा मोबाईल संध्याकाळपर्यंत चालला. मग त्याची बॅटरी संपली. रात्रभर आम्ही क्रमांक फिरवीत राहिलो. दुसऱ्या दिवशी आठवण झाली की, समोरच्या घरी आप्पांकडे अजून जुनाच फोन आहे. तो पहिल्या झटक्यात वाजला. आप्पांनी आईला बोलावून आणले. स्वयंपाकघरावरचे पत्रे उडाले होते, ती मात्र सुखरूप होती. म्हणाली, “अरे, फोन उचलला की नुसता सुन्न. पहिला फोन अंधारातसुद्धा कानात घूं करायचा. मला वाटलं, माझ्याच कानाला काही झालं.”

जोडणी देणाऱ्यांनी लाईट गेल्यावर काय होईल ते सांगितले नव्हते. पण आम्ही तरी कुठे विचारले होते? तांब्याच्या फोनमध्ये वीज पुरविण्याची जी जबाबदारी एक्स्चेंजची होती, ती फायबर घेताच आपल्या घरावर येते. या बदलात पैशांपेक्षा ही गोष्ट मोठी आहे. भारनियमन, वादळ, जळालेला ट्रान्सफॉर्मर यांची आपल्याकडे वाण नाही. त्यातून रात्रीची वेळ आणि उसात बिबट्या. वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसाने मदत मागण्यासाठी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावे अशी परिस्थिती आज नाही.

उपाय अवघड नाही. फायबरचा डबा बहुधा १२ व्होल्टवर चालतो. त्याला साधारण १० वॅट लागतात असे धरू. औषध फवारणीच्या पंपात असते तशी १२ व्होल्ट, ८ ॲम्पिअर-तासाची बॅटरी घेतली, तर १२ गुणिले ८ म्हणजे ९६ वॅट-तास होतात. कागदावर साडेनऊ तास, प्रत्यक्षात सहा-सात. मात्र पंपाची बॅटरी काढून थेट डब्याला जोडू नये. चार्ज होताना तिचा व्होल्टेज वाढतो आणि डबा जळण्याचा संभव असतो. याच कामासाठी बाजारात छोटे तयार यूपीएस मिळतात, ते घ्यावेत. त्यांतील पुष्कळसे दोन ते चार तासच चालतात, म्हणून विकत घेताना किती वॅट-तासांचा आहे हे विचारावे. घरी इन्व्हर्टर असल्यास डब्याचा प्लग त्याच्या लाईनवर घ्यावा. कॉर्डलेस फोन असेल तर त्याच्या बैठकीलाही वीज लागते. त्यापेक्षा जुना, वायरचा फोनच डब्याला जोडणे बरे.

एवढ्यावर भागत नाही. आपल्या घराचा डबा चालू राहिला, तरी तंतूचे दुसरे टोक कुठे आहे? ते थेट एक्स्चेंजमध्ये असेल तर मधल्या वाटेत वीज लागत नाही. परंतु पुष्कळ ठिकाणी फायबर स्थानिक केबलवाल्यामार्फत येते आणि त्याची यंत्रे एखाद्या दुकानात किंवा खांबावरच्या पेटीत असतात. त्या पेटीला लाईट गेल्यावर वीज कोण पुरवतो, किती तास पुरवतो, हा प्रश्न जोडणी घेण्याआधी विचारावा. उत्तर देताना समोरचा चाचरला, तर काय समजायचे ते आपण जाणताच. रस्त्याच्या कामात जेसीबीने तंतू तुटला तर जोडायला किती दिवस लागतात, हे शेजाऱ्यांकडून कळेल.

क्रमांकाची गोष्टही महत्त्वाची आहे. भारत संचार निगमाची तांब्याची जोडणी असेल आणि त्याच एक्स्चेंजच्या हद्दीत फायबर उपलब्ध असेल, तर जुना क्रमांक ठेवून फायबरवर जाण्याची सोय त्यांनी दिलेली आहे. मात्र दुसऱ्या कंपनीकडे गेल्यास क्रमांक बदलतो. मोबाईलचा क्रमांक कंपनी बदलूनही राखता येतो, तशी सोय घरगुती दूरध्वनीस लागू झालेली नाही. आमचा ०२१३३ चा जुना क्रमांक असाच गेला. पत्रिकांवर छापलेला, गॅसच्या पुस्तकावर लिहिलेला आणि सर्व नातेवाइकांच्या तोंडी असलेला तो क्रमांक होता. एका मावशीने तर तो लागत नाही म्हणून आमच्यावर रुसवा धरला! तेव्हा नवीन फोन महिनाभर नीट वाजल्याशिवाय जुना परत करू नये, आणि परत करताना डिपॉझिट मागून घ्यावे. घरच्या दूरध्वनीवरून मोबाईल लावताना आधी शून्य फिरवावे लागते, हा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे. मोठ्या अक्षरांत लिहून तो फोनजवळ चिकटवावा.

डोंगराकडच्या गावांविषयी मात्र वेगळा विचार हवा. भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्या-पाड्यांवर फायबर तर सोडाच, मोबाईलला रेंज मिळण्यासाठी टेकाडावर चढावे लागते. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. बाहेरच्या जगाला त्याची पहिली वार्ता पोहोचली ती रोजच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही तेव्हा. अशा गावांत शाळा, ग्रामपंचायत किंवा समाजमंदिर यांपैकी एका तरी ठिकाणी बॅटरीसह फोन असावा, अशी मागणी आपल्या गाव-शाखांनी ग्रामसभेत लेखी मांडावी. घरोघरी जोडणी येईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

निसर्ग वादळानंतर आम्ही मंचरच्या घरी छोटा यूपीएस बसविला आणि पुढच्या सुटीत मुद्दाम मेन स्विच बंद करून तो किती वेळ चालतो हे पाहिले. अर्ध्या-अर्ध्या तासाने एक भाऊ गच्चीवरून मोबाईलने घरी फोन लावी आणि आई उचली. सकाळी नऊला सुरू केलेला हा प्रयोग दुपारी पावणेएकला संपला. तोपर्यंत आठव्यांदा फोन उचलून आई म्हणाली होती, “चालू आहे रे बाबा, आता तरी पंखा लाव.”