कापूस : झाड, तंतू आणि आडनाव

मराठीत कापसाच्या नावाविषयी घोटाळा होण्याचे कारण नाही. संस्कृतातील ‘कार्पास’ या शब्दावरून ‘कापूस’ आला, आणि ‘कापसे’ हे आडनाव कानी पडताच त्याचे कापसाशी असलेले नाते ध्यानी येते. इंग्रजी ‘कॉटन’ या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. झाडाचे व तंतूचे नाव म्हणून तो अरबी ‘कुत्न’ या शब्दापासून निघून फ्रेंच भाषेच्या वाटेने इंग्रजीत आला. ‘कॉटन’ हे आडनाव मात्र मुळात गावाच्या नावावरून पडलेले आहे. जुन्या इंग्रजीत ‘कॉट’ म्हणजे झोपडी. ‘झोपड्यांपाशी’ अशा अर्थाच्या त्याच्या रूपावरून इंग्लंडातील अनेक खेड्यांना कोटन किंवा कॉटन ही नावे मिळाली, आणि तेथून बाहेर पडलेल्या माणसांना ती आडनावे म्हणून चिकटली. उच्चार एक, मुळे दोन. ही दोन्ही मुळे ज्या एका शहराच्या इतिहासात पुनःपुन्हा एकत्र येतात ते शहर म्हणजे मद्रास, अर्थात १९९६ पासूनचे चेन्नई.

प्रथम झाडाचा विचार करावा. गॉसिपियम या वंशातील चार जाती माणसाने लागवडीखाली आणल्या. त्यांपैकी आर्बोरियम व हर्बेसियम या जुन्या जगातील, तर हिर्सुटम व बार्बाडेन्स या अमेरिकेतील होत. या चारही जातींची शेती भारतात होते. महाराष्ट्रात वातींसाठी आणि देवाच्या वस्त्रमाळेसाठी अंगणात जो देवकापूस राखला जातो तो अनेक वर्षे टिकणारे झाड असतो. शेतातील कापूस मात्र दरसाल नव्याने पेरला जातो. फूल उमलते त्या सुमारास बीजाच्या सालीवरील काही पेशी लांबू लागतात. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे अशी एकच पेशी होय. सुमारे तीन आठवडे ती वाढते. मग आतून सेल्युलोजचे थर चढून तिची भिंत जाड होते. बोंड फुटले की आतला रस सुकतो, नळी चपटी होते आणि फितीसारखी पीळ खाते. या नैसर्गिक पिळामुळेच तंतू एकमेकांना धरून राहतात आणि सूत निघते. सावरीचा कापूस याहून मऊ व चकचकीत दिसतो. परंतु तो बीजावर न येता फळाच्या आतील भिंतीवर येतो आणि त्याला पीळ नसतो. म्हणून तो गाद्या-उशांपुरताच राहिला.

मद्रासच्या किनाऱ्यावर हे पीक नव्हते. तेथे वाळू होती आणि बंदर नव्हते. जहाजे दूर नांगर टाकून उभी राहत, आणि काथ्याने फळ्या शिवून केलेल्या, एकही खिळा नसलेल्या मसुला होड्यांतून माल लाटा फोडत न्यावा लागे. अशी गैरसोयीची जागा ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डे याने १६३९ साली स्थानिक नायकाकडून का मिळवली, याचे उत्तर कापडात आहे. उत्तम सुती कापड येथे इतर ठिकाणांपेक्षा स्वस्त पडते, असा त्याचा हिशोब होता. कापूस पिकत होता तो आतल्या मुलखात, काळ्या जमिनीत. किनारपट्टीवर होते ते कातणारे, विणणारे, धुणारे आणि रंगवणारे हात, आणि ‘साया’ नावाच्या वनस्पतीच्या मुळांपासून निघणारा पक्का तांबडा रंग. कापूस जेथे पिकतो तेथे नव्हे, तर जेथे त्याचे कापड होते तेथे हे शहर वसले.

परंतु हे हात गावोगावी विखुरलेले होते. दुष्काळ पडला किंवा एखादी फौज मुलखातून गेली की माग थांबत आणि कंपनीची जहाजे रिकामी राहण्याची वेळ येई. १७३४ साली गव्हर्नर जॉर्ज मॉर्टन पिट याने कूवम नदीच्या वळणावर, सुंकुराम नावाच्या व्यापाऱ्याच्या बागेच्या जागी, कापडाची कामे करणाऱ्यांची स्वतंत्र वसाहत वसवली. तिला चिंताद्रिपेठ म्हणतात. ‘चिन्न तरी पेट्टै’, म्हणजे लहान मागांची पेठ, असा या नावाचा उलगडा केला जातो. कातणारे, विणणारे, कापडावर चित्रे काढणारे, धुणारे, रंगारी आणि देवळातील सेवेकरी यांना तेथे जागा मिळाली. या व्यवस्थेत विणकरांच्या संरक्षणापेक्षा कंपनीची सोय अधिक होती, हे उघड आहे. आगाऊ रक्कम देऊन माल बांधून घेण्याची कंपनीची रीत होती. विणकर डोळ्यांसमोर राहिला की ती रीत अधिक पक्की होई. कापड धुणाऱ्यांचे नाव शहराच्या उत्तरेकडील वण्णारपेट्टै या वस्तीला अजून आहे. इंग्रजीत तिला वॉशरमनपेट म्हणतात.

हे कापड कोठवर गेले याचे एक चमत्कारिक उदाहरण आहे. १६८७ ते १६९२ या काळात मद्रासचा गव्हर्नर असलेला इलायहू येल खाजगी व्यापारात गबर होऊन इंग्लंडला परतला. १७१८ साली अमेरिकेतील एका धर्मोपदेशकाने कनेटिकटमधील एका लहान महाविद्यालयासाठी त्याच्याकडे मदत मागितली. येलने पुस्तके, राजाचे चित्र आणि मालाचे नऊ गठ्ठे पाठवले. त्या गठ्ठ्यांत कॅलिको आणि मलमल होती. माल विकून ५६२ पौंडांहून अधिक रक्कम आली, आणि महाविद्यालयाला येलचे नाव मिळाले. मदत मागणाऱ्या धर्मोपदेशकाचे नाव कॉटन मॅदर असे होते. त्याच्या आईचे माहेरचे आडनाव कॉटन, म्हणून मुलाचे नाव कॉटन. कापडाशी त्याचा काही संबंध नव्हता.

मद्रासच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध कॉटन मात्र सर आर्थर (१८०३–१८९९). मद्रासच्या इंजिनिअर पथकातील हा अधिकारी. भारतातील अगदी पहिला मानला जाणारा लोहमार्ग १८३७ साली रेड हिल्सपासून मद्रासकडे त्याच्याच देखरेखीखाली टाकण्यात आला. रस्त्यांसाठी दगड वाहणारा तो मार्ग चिंताद्रिपेठेच्या पुलापर्यंत येत असे, म्हणजे विणकरांच्या वसाहतीच्या दारापर्यंत. पुढे कॉटनने आपले आयुष्य पाण्याला वाहिले. कावेरीवरील करिकाल चोळाचे म्हणून ओळखले जाणारे प्राचीन धरण त्याने बारकाईने पाहिले, आणि खोल, सैल वाळूत पाया कसा टिकवावा हे आपण या देशातील जुन्या बांधकाम करणाऱ्यांकडून शिकलो, असे मोकळेपणाने लिहून ठेवले. साहेबांच्या लेखनात अशी कबुली क्वचितच आढळते. त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी जेथे समुद्राजवळ फाकते, त्या दौलेश्वरम येथे १८४७ ते १८५२ या काळात त्याने बंधारा बांधला. दुष्काळाने पोळलेला तो त्रिभुज प्रदेश भाताचे कोठार झाला. जुन्या बंधाऱ्याच्या जागी १९८२ साली पुरे झालेले बरेज कॉटनच्याच नावाने ओळखले जाते.

कापसाला मात्र त्याचा फारसा उपयोग झाला नाही. त्याने पुरस्कारलेला कर्नूल–कडप्पा कालवा काळ्या कापसाळ जमिनीतून जात होता. ती जमीन पावसाची ओल दीर्घकाळ धरून ठेवते. तेथील शेतकऱ्याला कालव्याचे पाणी विकत घेण्याची गरज वाटेना. कालव्याची कंपनी बुडीत गेली आणि १८८२ साली सरकारला तो ताब्यात घ्यावा लागला. ज्याचे पीक त्याला पाण्याची निकड किती, हे आराखड्यावरून कळत नाही.

दरम्यान लँकेशायरच्या यंत्रांनी किनाऱ्यावरील मागांचा धंदा हिरावून घेतला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात पेरांबूर भागात बकिंगहॅम आणि कर्नाटिक या गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांतील कामगारांनी २७ एप्रिल १९१८ रोजी मद्रास लेबर युनियन स्थापन केली. ही देशातील पहिली संघटित आधुनिक कामगार संघटना, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ सालीच गिरणी कामगारांना एकत्र आणले होते, हे विसरता येत नाही. १९२१ चा पेरांबूरचा संप कित्येक महिने चालला व त्यात गोळीबारही झाला. या गिरण्या १९९६ साली बंद पडल्या, आणि त्याच वर्षी शहराचे जुने नावही गेले.

ते नाव आज एका बियाण्यात शिल्लक आहे. कोइमतूर येथे पैदास झालेल्या लांब धाग्याच्या कापसाच्या वाणांना ‘एमसीयू’ म्हणतात. मद्रास, कंबोडिया आणि युगांडा या नावांची ती आद्याक्षरे होत. १९६८ साली प्रसृत झालेला एमसीयू-५ हा त्यांतील सर्वांत नावाजलेला वाण. तो जातीने हिर्सुटम, म्हणजे मूळचा अमेरिकेतला.