ऊर्जेचा पुरवठा, ऊर्जेची मागणी आणि विहिरीचे पाणी

शेतीस जमीन, बी, खत आणि पाणी यांची गरज असते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु या चारही गोष्टी पिकापर्यंत पोचविण्यासाठी पाचवी एक गोष्ट लागते. ती म्हणजे शक्ती अथवा ऊर्जा. नांगर ओढणारा बैल, पाणी उपसणारा पंप, माल बाजारात नेणारी मालमोटार आणि घरातील चूल ही सर्व ऊर्जेवरच चालतात. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावी डिझेलचा जो दर द्यावा लागतो, तो त्या गावी ठरत नाही. तो इराणच्या आखातातील तेलविहिरी, जागतिक बाजार आणि सरकारी कर यांवर ठरतो. युरिया तयार करण्यास नैसर्गिक वायू लागतो. त्यामुळे परदेशात वायू महागला की खताचा उत्पादनखर्च वाढतो. यास्तव जगातील ऊर्जेचा पुरवठा व मागणी यांचा दीर्घकालीन कल कोणता आहे, हे शेतकऱ्याने व गावपातळीवरील कार्यकर्त्याने समजून घेणे हितावह आहे.

ऊर्जेचे मोजमाप

प्रथम मापे ध्यानात घ्यावीत. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. धडधाकट मनुष्य दिवसभर सतत काम करू लागल्यास त्याची शक्ती सुमारे ७५ वॅट, म्हणजे अश्वशक्तीचा दहावा हिस्सा भरते. चांगल्या बैलजोडीची शक्ती एका अश्वशक्तीच्या आसपास असते. विजेचे एक युनिट म्हणजे १,००० वॅट शक्ती एक तास वापरणे. या हिशेबाने एका युनिटाइतके काम करण्यास मनुष्यास तेरा तासांहून अधिक राबावे लागेल. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिटे उष्णता असते. तथापि लहान इंजिनात तिच्यापैकी पाव ते एक-तृतीयांश भागच कामास येतो, बाकीची धुरातून व तापलेल्या लोखंडातून वाया जाते.

पूर्वी विहिरीवर मोट चालत असे. धावेवरून बैल पुढे जात, नाडा व सोंदूर यांच्या आधाराने मोट वर येई आणि थारोळ्यात पाणी ओतले जाई. या पद्धतीत कष्ट अतोनात होते, परंतु तिच्यात एक मर्यादा आपोआप पाळली जात होती. बैल थकले की उपसा थांबे, आणि विहिरीतील झऱ्यांस पुन्हा भरून येण्यास रात्र मिळे. पुढे तेलाचे इंजिन आले, नंतर विजेचा पंप आला. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे पाच बैलजोड्या. आणि त्या कधीही न थकणाऱ्या.

जगातील दीर्घकालीन कल

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगातील निम्म्याहून अधिक ऊर्जा लाकूडफाटा, शेण, काडीकचरा अशा इंधनांतूनच मिळत होती. ब्रिटनने प्रथम दगडी कोळशाचा मोठा वापर केला. विसाव्या शतकात खनिज तेल व नैसर्गिक वायू पुढे आले, जलविद्युत आली, त्यानंतर अणुशक्ती, वारा व सूर्य यांपासून वीज मिळू लागली. एक साधन मागे पडून दुसरे येण्यास प्रत्येक वेळी कित्येक दशके लागली. कोळशाला अग्रस्थान मिळण्यास सुमारे साठ वर्षे लागली.

या इतिहासात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. नव्या साधनाने जुन्याला हटविले असे जगाच्या एकूण हिशेबात फारसे घडलेले नाही. नवे साधन जुन्यावर रचले गेले आहे. ज्या ब्रिटनमध्ये कोळशाचे युग सुरू झाले, तेथील कोळशावर चालणारे अखेरचे वीजकेंद्र २०२४ साली बंद झाले. परंतु त्याच वर्षी जगातील कोळशाचा एकूण खप पूर्वीच्या कोणत्याही वर्षापेक्षा अधिक झाला. १९५० च्या तुलनेने जग आज पाचपटींहून अधिक ऊर्जा वापरते, आणि तिच्यापैकी सुमारे चार-पंचमांश अद्याप कोळसा, तेल व वायू यांतूनच मिळते.

असे का घडते, याचे एक कारण इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ साली दाखवून दिले. सुधारलेल्या वाफेच्या यंत्रास तेवढ्याच कामासाठी कमी कोळसा लागू लागला. तेव्हा देशातील कोळशाचा खप घटेल असे वाटणे साहजिक होते; पण तो वाढला. काम स्वस्त झाल्यामुळे यंत्रे पूर्वी नव्हती अशा ठिकाणी बसविली गेली. तात्पर्य, ऊर्जा स्वस्त व सुलभ झाली की मागणी तेवढीच राहत नाही, ती वाढते. शेतकऱ्याने हा नियम ध्यानी ठेवावा, कारण विहिरीवर तो तंतोतंत लागू पडतो.

पुरवठ्याच्या बाजूसही चढउतार असतात. १९७३ च्या अखेरीस पश्चिम आशियातील युद्धानंतर काही महिन्यांतच खनिज तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. १९७९ मध्ये पुन्हा तशीच चढ आली. २०२२ मध्ये युक्रेनमधील युद्धामुळे तेल, वायू व खते ही तिन्ही महागली. भारत आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो. म्हणून अशा प्रत्येक प्रसंगाची झळ देशास व शेतीस लागते. उलट, सौर पत्र्यांच्या किमती २०१० नंतरच्या दहा वर्षांत सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरल्या. भारतातील सौर विजेची स्थापित क्षमता जानेवारी २०२५ मध्ये एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली.

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्रात खोपोली येथे १९१५ साली पाण्यापासून वीज निर्माण होऊन मुंबईच्या गिरण्यांस मिळू लागली. राज्याच्या स्थापनेबरोबर १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले; कोयनेची वीज १९६२ पासून मिळू लागली. पुढे कोराडी, चंद्रपूर, भुसावळ येथील औष्णिक केंद्रांनी मोठा भार उचलला. वीज खेडोपाडी पोचली, आणि पंपांची संख्या वाढत गेली. निर्मिती वाढली तरी मागणी तिच्याही पुढे धावत राहिली. म्हणून शेतीच्या विजेचे तास बांधून द्यावे लागले, आणि शेतकऱ्यास रात्री-अपरात्री साप-विंचवाचे भय सोसून पाणी द्यावे लागले.

ऊर्जेची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही, हे नंदुरबार जिल्ह्यास निराळे सांगावयास नको. नर्मदेवरील सरदार सरोवर प्रकल्पाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे. त्या प्रकल्पामुळे अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली, आणि तेथील अनेक आदिवासी कुटुंबांस शहादे व तळोदे तालुक्यांत येऊन नव्याने संसार मांडावे लागले. दूरच्या शहरात दिवा लागतो, तेव्हा कोणीतरी कोठेतरी त्याचे मोल दिलेले असते.

घरातील इंधनाबाबतही जगातीलच कल आढळतो. १९५० नंतरच्या दशकांत खादी-ग्रामोद्योग क्षेत्रातून गोबरगॅसचा प्रसार झाला. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅसच्या शेगड्या गरीब घरांत पोचविल्या. तरीही टाकी पुन्हा भरून घेण्याचा खर्च परवडत नाही तेथे चूल पेटतेच. नवे आले, जुने राहिले. ज्या घरी दोन-तीन जनावरे आहेत, तेथे गोबरगॅस आजही किफायतशीर आहे. कारण त्यातून धूर नसलेले इंधन मिळते आणि शेणाचे खतही वाया जात नाही.

सौर पंप : लाभ आणि सावधगिरी

राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली शेतीच्या वाहिन्यांस सौर वीज देण्याचे काम सुरू झाले. केंद्राची कुसुम योजना २०१९ मध्ये आणि राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ मध्ये आली. या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्के हिस्सा भरावयाचा असतो. डिझेलचा खर्च वाचतो, वीज दिवसा मिळते, रात्रीची पायपीट टळते. हे लाभ मोठे आहेत, आणि पात्र शेतकऱ्याने ते अवश्य घ्यावेत.

परंतु पूर्वी मोटेवर बैलाचा थकवा, इंजिनावर डिझेलचा भाव आणि विजेवर पुरवठ्याचे तास हे उपशाचे लगाम होते. सौर पंपावर यांपैकी एकही लगाम नाही. ऊन आहे तोवर पंप चालू ठेवण्यास एक पैसाही अधिक लागत नाही. येथे लगाम शेतकऱ्याने स्वतः धरावयाचा आहे. तो का धरावयाचा, हे पुढील हिशेबावरून कळेल.

एका युनिटाने, काहीही वाया न जाता, ३ लाख ६७ हजार लिटर पाणी एक मीटर उंच चढविता येते. प्रत्यक्षात पंप, मोटर व नळ यांतील घट धरता सुमारे ४० टक्केच काम पदरात पडते. आता कळसाडीतील एखाद्या शेतकऱ्यास एक एकर पिकास पाच सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यावयाची आहे, असे समजावे. त्यासाठी सुमारे दोन लाख लिटर पाणी लागेल.

पाणी २० मीटर खोल असल्यास सुमारे २७ युनिटे लागतील.
पाणी ४० मीटर खोल असल्यास सुमारे ५४ युनिटे लागतील.
पाणी ६० मीटर खोल असल्यास सुमारे ८२ युनिटे लागतील.

पाच अश्वशक्तीच्या सौर पंपाच्या पत्र्यांतून स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे २० युनिटे मिळतात असे धरू. तर २० मीटरांवरून एक एकराची पाळी दीड दिवसाच्या आत पुरी होईल. ६० मीटरांवरून तिला चार दिवस लागतील. पंप तोच, ऊन तेच, पण भिजणारे क्षेत्र तिसऱ्या हिश्श्यावर आले. ऊन फुकट असले तरी खोली फुकट नसते. तिचे मोल रुपयांऐवजी न भिजलेल्या जमिनीत द्यावे लागते.

तापीच्या खोऱ्यात हा प्रश्न विशेष निकडीचा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे व वाळूचा पट्टा असून त्यातून पावसाचे पाणी खोल मुरते. त्याच्या दक्षिणेस नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत चिकणमातीचे थर असल्याने वरचे पाणी सहजासहजी खाली उतरत नाही. ऊस, केळी, पपई यांसारखी पिके वर्षभर पाणी मागतात. याच खोऱ्यातील यावल व रावेर या केळीच्या तालुक्यांत भूजल किती खोल गेले आहे, हे सर्वश्रुत आहे. उलटपक्षी, शेजारच्या शिरपूर तालुक्यात २००४ पासून नाले रुंद व खोल करून, चिकणमातीचा थर भेदून, त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधले गेले आणि अनेक विहिरींस पाणी वाढले. जमिनीतून काढलेले परत घालता येते, हे या कामाने सिद्ध केले.

शेतकऱ्यांनी व कार्यकर्त्यांनी काय करावे

१. दोरीस वजन बांधून प्रत्येक विहिरीतील पाण्याची खोली पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर मोजावी, आणि ती वहीत नोंदवावी. तीन-चार वर्षांची नोंद झाली की गावाचे पाणी वाढते की घटते, हे वादाविना कळते.

२. पंपाची निवड जमिनीच्या क्षेत्राप्रमाणे व विहिरीच्या झऱ्याप्रमाणे करावी. झरा लहान असता मोठा पंप बसविणे म्हणजे विहीर तासाभरात कोरडी करणे होय.

३. केळी, पपई व उसास ठिबकनेच पाणी द्यावे. वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र वाढविले तर बचत नाहीशी होते, हा जेव्हन्स यांचा धडा येथे स्मरावा.

४. पंप किती तास चालला याची रोज नोंद ठेवावी. पाळी पुरी होताच पंप बंद करावा. ऊन शिल्लक आहे म्हणून तो चालू ठेवू नये. पत्र्यांवरील धूळ सकाळी, पत्रे थंड असताना, स्वच्छ पाण्याने काढावी.

५. विहीर कोरडी पडली म्हणून अधिक खोल जाण्यापूर्वी विचार करावा. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ अन्वये ६० मीटर व त्याहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत.

६. नाला-बंधारे, शेततळी व विहीर-पुनर्भरण यांचा आराखडा ग्रामसभेत करावा. शेजारी-शेजारी विहिरींचे पाणी जमिनीखाली एकच असते. म्हणून एकट्याने केलेली काटकसर अपुरी पडते.

सारांश

जगात ऊर्जेची साधने बदलत आली आणि पुढेही बदलतील. तेलाचे भाव चढतील व उतरतील. सूर्याची वीज वाढत जाईल. मात्र प्रत्येक नव्या साधनाबरोबर मागणीही वाढत आली आहे, आणि सौर पंपाच्या बाबतीत ती मागणी जमिनीखालील पाण्यावर येऊन पडते. ऊर्जेची टंचाई होती तेव्हा पाणी आपोआप राखले जात होते. ऊर्जा विपुल झाल्यावर ते जाणीवपूर्वक राखावे लागेल.

चर्चामंडळासाठी प्रश्न

१. आपल्या विहिरीचे पाणी दहा वर्षांपूर्वी किती खोल होते, आज किती आहे? वरील हिशेबाने एका पाळीस लागणारी युनिटे किती वाढली अथवा घटली?

२. गावातील सर्व पंप सौर झाले तर रोज किती पाणी उपसले जाईल? तेवढे पाणी पावसाळ्यात गावाच्या शिवारात मुरते काय?

३. ते मुरत नसल्यास कोणते पीक कमी करावे आणि कोणता नाला प्रथम अडवावा?