टर्बोची वाट मोकळी करताना

मोटारीच्या एंजिनातील पुष्कळशी ऊर्जा बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंबरोबर वाया जाते, हे तुम्हांला ठाऊक आहे. तिला कामाला लावणाऱ्या युक्तीचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली घेतले. हाच टर्बोचार्जर. वायू टरबाइन फिरवतात आणि तिच्याच दांड्यावरील पंखा सिलिंडरांत जादा हवा कोंबतो.

टरबाइनचा जोर कशावर अवलंबून असतो? तिच्या अलीकडचा दाब पलीकडच्या दाबाच्या किती पट आहे, यावर. पलीकडे लगेच असते ती नळी म्हणजे डाऊनपाइप. १९७७ साली लोकांपुढे आलेल्या साब ९९ टर्बोसारख्या जुन्या गाड्यांचे शौकीन ही नळी बदलतात. का, ते पाहा. समजा, अलीकडे दाब २.४ वातावरण व अरुंद नळीमुळे पलीकडे १.५ आहे. गुणोत्तर आले १.६. पलीकडचा दाब १.२ झाला, तर गुणोत्तर २ होते. आता नळीचा व्यास ५ ऐवजी ७.५ सेंटिमीटर केला, तर छेदाचे क्षेत्रफळ किती पट होईल? सव्वादोन पट!

पण एवढ्याने काम संपत नाही. कोंबलेल्या हवेचा दाब वाढला आणि इंधन त्या प्रमाणात वाढले नाही, तर पिस्टन वितळूही शकतो. शिवाय पुष्कळ गाड्यांत याच नळीत उत्प्रेरक परिवर्तक असतो. तो विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड करतो. तो काढून टाकला, तर वाढलेल्या वेगाची किंमत रस्त्यावरची माणसे मोजतात. म्हणून नळी रुंद करावी. परिवर्तक मात्र काढू नये.