सायकलमार्ग आणि बाजारपेठ : टोरांटोच्या ब्लूर रस्त्याचा धडा

जुनी बाजारपेठ ही कोणत्याही नगराची केवळ खरेदी-विक्रीची जागा नसते. पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार, ओळखी आणि सवयी तेथे रुजलेल्या असतात. अशा पेठेतील रस्त्यात बदल करण्याचा विचार पुढे आला की तेथील व्यापारी व रहिवासी अस्वस्थ होतात, हे स्वाभाविकच होय. रस्त्याचा काही भाग सायकलींसाठी राखून ठेवण्याचा प्रस्ताव आला म्हणजे ही अस्वस्थता उघड विरोधाचे रूप घेते. या विरोधाला प्रशासनाने कसे सामोरे जावे, त्यातील रास्त भाग कोणता आणि केवळ समजुतीवर आधारलेला भाग कोणता, हे कसे ठरवावे, या दृष्टीने कॅनडातील टोरांटो शहराच्या ब्लूर रस्त्याचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे.

रस्ता आणि त्याचा इतिहास

ब्लूर हा टोरांटोमधून पूर्व-पश्चिम जाणारा जुना मार्ग. जोसेफ ब्लूर या मद्यनिर्मिती करणाऱ्या व्यावसायिकाच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. पुढे शहर वाढले आणि या रस्त्याच्या दोन्ही अंगांना लहान-लहान दुकानांची रांग उभी राहिली. ॲनेक्स आणि कोरियाटाउन या भागांत आजही खाली दुकान व वर बिऱ्हाड अशा जुन्या इमारती दिसतात. १९४८ मध्ये सुरू झालेले ‘ऑनेस्ट एड्स’ हे स्वस्त वस्तूंचे विख्यात दुकान याच रस्त्यावर होते. ते २०१६ च्या अखेरीस बंद झाले.

या रस्त्यावरील व्यापाऱ्यांना वाहतुकीतील बदलांचा अनुभव नवा नव्हता. १९६६ मध्ये ब्लूर रस्त्याला समांतर भुयारी रेल्वे सुरू झाली आणि वरून धावणाऱ्या ट्रामचा प्रवासी जमिनीखाली गेला. दुकानाची दर्शनी काच पाहून सहज उतरणारे गिऱ्हाईक कमी झाले. त्याच काळात नव्या बंदिस्त व्यापारी संकुलांची स्पर्धाही वाढली होती. यावर उपाय म्हणून ब्लूर वेस्ट व्हिलेज भागातील व्यापाऱ्यांनी १९७० मध्ये स्वतःवर जादा कर बसवून घेऊन आपल्या पेठेची सुधारणा हाती घेतली. अशा प्रकारचे ते जगातील पहिले व्यापारी सुधारणा क्षेत्र मानले जाते.

नागरिकांच्या विरोधाचीही येथे परंपरा आहे. ॲनेक्स भागातून जाणारा स्पडायना द्रुतगती मार्ग प्रांतिक शासनाने १९७१ मध्ये रद्द केला तो नागरिकांच्या आंदोलनानंतर. नगररचनेच्या प्रसिद्ध अभ्यासक जेन जेकब्स या त्या आंदोलनात अग्रभागी होत्या आणि ब्लूर रस्त्यानजीकच त्यांचे वास्तव्य होते. हा मार्ग झाला असता तर जुन्या वस्तीचा मोठा भाग उद्‌ध्वस्त झाला असता. तेव्हा लोकविरोध म्हणजे प्रगतीला खीळ, असे समीकरण मांडणे चुकीचे आहे. कित्येकदा विरोध हाच शहराचा रक्षक ठरतो. म्हणून प्रत्येक विरोधाची परीक्षा गुणदोषांवरच झाली पाहिजे.

विरोधाची कारणे

ब्लूर रस्त्यावर सायकलींसाठी स्वतंत्र जागा असावी ही मागणी अनेक वर्षांची होती. हा रस्ता सपाट व सरळ आहे, शाळा-विद्यापीठ जवळ आहेत, आणि मार्ग नसतानाही हजारो सायकलस्वार त्यावरून जात असत. मोटारी आणि उभ्या केलेल्या वाहनांची उघडणारी दारे यांमधून वाट काढताना त्यांच्या जिवाला धोका होता. तथापि सायकलमार्गासाठी रस्त्याच्या कडेची वाहने उभी करण्याची जागा कमी करावी लागणार होती, आणि नेमके हेच व्यापाऱ्यांना मान्य नव्हते.

त्यांचे आक्षेप मुख्यतः चार होते. पहिला असा की, मोटार उभी करण्यास जागा मिळाली नाही तर गिऱ्हाईक अन्यत्र जाईल. दुसरा, मालाचा चढउतार कोठे करावयाचा? तिसरा, वृद्ध व अपंग व्यक्तींना दुकानाच्या दारापर्यंत कसे येता येईल? आणि चौथा, मार्गिका कमी झाल्याने वाहतूक तुंबेल व तिचा भार आजूबाजूच्या गल्ल्यांवर पडेल. यांपैकी दुसरा व तिसरा आक्षेप हे रचनेचे प्रश्न आहेत. माल उतरविण्यासाठी ठराविक वेळ व जागा राखून, तसेच पदपथाला योग्य उतार देऊन ते सोडविता येतात. पहिला व चौथा आक्षेप मात्र वस्तुस्थितीविषयीचे आहेत. त्यांचे उत्तर वादविवादाने मिळत नाही. त्यासाठी मोजणीच करावी लागते.

आधी मोजणी, मग निर्णय

मोजणीची सुरुवात सायकलमार्ग होण्यापूर्वीच झाली होती. ॲनेक्स भागातील ब्लूर रस्त्याविषयी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्राहकांना तुम्ही येथे कसे आलात, महिन्यातून किती वेळा येता आणि किती खर्च करता, असे प्रश्न विचारण्यात आले. मोटारीने येणारे ग्राहक केवळ दहा टक्के निघाले. पायी व सायकलने येणारा ग्राहक अधिक वेळा येतो आणि महिन्याकाठी अधिक खर्च करतो, असेही दिसून आले. मोटारवाला ग्राहक एका खेपेस जास्त खरेदी करीत असेल; परंतु रोज येणाऱ्याची महिन्याची बेरीज त्याहून मोठी होते, हे त्यामागील साधे गणित आहे.

व्यापाऱ्याच्या अंदाजात आणि वस्तुस्थितीत पडणारे हे अंतर केवळ टोरांटोपुरते नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरातील दुकानदारांकडे २००६ मध्ये अशीच विचारणा झाली. आपले ४१ टक्के ग्राहक मोटारीने येतात, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते प्रमाण २२ टक्के होते. अर्ध्या मैलाच्या आत राहणारे ग्राहक बारा टक्के असावेत असे त्यांना वाटे. प्रत्यक्षात ते बेचाळीस टक्के होते. यात दुकानदारांची लबाडी नाही. मोटार उभी करण्यास जागा मिळाली नाही, अशी तक्रार करणारे गिऱ्हाईक त्यांच्या लक्षात राहते. चालत येऊन मुकाट्याने खरेदी करून जाणाऱ्याने आपण कसे आलो हे सांगण्याचा प्रसंगच येत नाही.

मे २०१६ मध्ये टोरांटो नगरपरिषदेने ब्लूर रस्त्यावर शॉ रस्ता ते ॲव्हेन्यू रोड या सुमारे अडीच किलोमीटर टप्प्यात प्रायोगिक तत्त्वावर सायकलमार्ग करण्यास मान्यता दिली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो सुरू झाला. रस्ता खोदला गेला नाही. रंगाचे पट्टे आणि लवचिक खांब यांच्या साहाय्याने रस्त्याची केवळ फेरवाटणी करण्यात आली. प्रयोग फसला तर तो फारसा खर्च न करता मागे घेता यावा, ही त्यामागील दृष्टी होती. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे व्यापारावरील परिणामांच्या अभ्यासात स्थानिक व्यापारी मंडळेही सहभागी झाली. अभ्यास आपलाही आहे, अशी भावना असल्यामुळे त्याचा निष्कर्ष एकतर्फी म्हणून झटकून टाकणे कोणालाही सोपे राहिले नाही.

तुलनेसाठी डॅनफोर्थ हा त्याच शहरातील दुसरा बाजाररस्ता निवडण्यात आला. तेथे त्या वेळी सायकलमार्ग नव्हता. प्रयोगाच्या काळात ब्लूरवर ग्राहकसंख्या व खर्च वाढला. पण तो डॅनफोर्थवरही वाढला. त्यामुळे सायकलमार्गामुळेच व्यापार वाढला, असा दावा या अभ्यासाच्या आधारे करता येत नाही. मात्र सायकलमार्गामुळे व्यापार बुडेल ही भीती खरी ठरली नाही, एवढे निश्चित म्हणता येते. तुलनेचा रस्ता घेतला नसता तर सर्व वाढीचे श्रेय सायकलमार्गाला देण्याचा मोह समर्थकांना आवरला नसता. सायकलस्वारांची संख्या सुमारे निम्म्याने वाढली. मोटारींच्या प्रवासास मात्र गर्दीच्या वेळी काही मिनिटे अधिक लागू लागली. सिग्नलच्या वेळा बदलून हा विलंब कमी करण्यात आला, तरी तो पूर्णपणे नाहीसा झाला नाही. लाभाबरोबर ही किंमतही लोकांसमोर मांडली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरपरिषदेने हा मार्ग कायम केला.

वाद संपत नाही

तथापि येथे प्रकरण संपले नाही. पुढे २०२० पासून सायकलमार्गाचा विस्तार झाला आणि २०२३ मध्ये तो शहराच्या पश्चिमेकडील एटोबिको भागात पोहोचला. ही वस्ती विरळ असून तेथील दैनंदिन व्यवहार मोटारीवर अधिक अवलंबून आहे. तेथे रहिवासी व व्यापारी यांनी तीव्र विरोध केला. ॲनेक्समध्ये मोजलेली वस्तुस्थिती या भागाला जशीच्या तशी लागू पडेलच, असे गृहीत धरता येत नव्हते.

हा विरोध ओंटारिओ प्रांताच्या शासनापर्यंत गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रांताने कायदा करून ब्लूर, यंग व युनिव्हर्सिटी या रस्त्यांवरील सायकलमार्ग काढून टाकण्याची तरतूद केली आणि मोटारींची मार्गिका कमी करणाऱ्या नव्या सायकलमार्गांसाठी प्रांताची संमती आवश्यक केली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ब्लूर रस्त्यावर, बांधकामाच्या पेटीने सायकलमार्ग अडविलेल्या ठिकाणी, एका सायकलस्वार तरुणीचा ट्रकच्या धडकेने मृत्यू झाला होता. संरक्षित मार्ग काही फुटांपुरता जरी खंडित झाला तरी काय घडू शकते, हे त्या घटनेने दाखविले. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने हे मार्ग काढून टाकण्याची तरतूद घटनाबाह्य ठरविली. मार्ग काढल्याने सायकलस्वारांच्या जिवाचा धोका वाढेल, आणि त्यामुळे कोंडी कमी होईल यास पुरावा नाही, असा निर्णयाचा आशय होता. प्रांतिक शासनाने त्याविरुद्ध अपील करण्याचे जाहीर केले.

याउलट लंडनमधील केन्सिंग्टन हाय स्ट्रीट या नामांकित पेठेचे उदाहरण आहे. तेथे २०२० च्या शरद ऋतूत तात्पुरता सायकलमार्ग करण्यात आला आणि व्यापारी व रहिवाशांच्या तक्रारींनंतर सुमारे सात आठवड्यांतच, डिसेंबरमध्ये, काढून टाकण्यात आला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, पण २०२३ मध्ये तेथील परिषदेचा निर्णय कायम राहिला. निर्णय कायदेशीर असणे आणि तो पुरेशा अनुभवावर आधारलेला असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सात आठवड्यांत, तेही महामारीच्या काळात, लोकांच्या सवयी कितपत बदलतात हे कळणे कठीणच होते.

आपल्याकडील संदर्भ

एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याला हा प्रश्न परका नाही. पुण्यातील लक्ष्मी रस्ता ही सराफी, कापड व लग्नखरेदीची जुनी पेठ. गणेश विसर्जनाची मिरवणूकही याच रस्त्याने जाते. पुणे महानगरपालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी या रस्त्याचा काही भाग दिवसभर वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. एका दिवसाचा असा प्रयोग लोकांच्या मनात कुतूहल निर्माण करतो. परंतु व्यापाऱ्याच्या शंकेचे समाधान करण्यास आधीची व नंतरची मोजणी लागते.

केंद्र शासनाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने रस्त्यावरील जागेची वाटणी वाहनांपेक्षा माणसांचा विचार करून व्हावी, असे तत्त्व मांडले आहे. आपल्या पेठांत मात्र टोरांटोत नसलेले घटकही आहेत : हातगाडी, टेम्पो, रिक्षा, आठवडी बाजार आणि पथविक्रेते. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला २०१४ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. सायकलमार्गाच्या आराखड्यात त्यांना स्थान नसेल तर तो मार्ग कागदावरच राहील. तालुक्याच्या गावी आणि मोठ्या खेड्यांतही प्रश्न हाच आहे. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्यात आल्या. परंतु त्या मुलीला बाजारपेठेतून सुरक्षितपणे जाता येत नसेल तर त्या साधनाचा उपयोग अर्धाच राहतो.

काय शिकावे?

पहिली गोष्ट म्हणजे विरोध करणाऱ्यास प्रथम ऐकून घ्यावे आणि त्याच्या आक्षेपांची वर्गवारी करावी. रचनेने सुटणारे प्रश्न आराखड्यातच सोडवावेत. वस्तुस्थितीविषयीचे प्रश्न मोजणीकडे सोपवावेत. दुसरी, मोजणी बदलापूर्वी सुरू करावी, कारण आधीचे आकडे नसतील तर नंतरच्या आकड्यांना अर्थ उरत नाही. तिसरी, शेजारचा एखादा रस्ता तुलनेसाठी घ्यावा. चौथी, प्रयोगाची मुदत व कसोट्या अगोदर जाहीर कराव्यात, म्हणजे निकाल सोयीनुसार बदलला गेला असा संशय राहत नाही. पाचवी, व्यापारी मंडळास अभ्यासात भागीदार करून घ्यावे. आणि सहावी, एका भागाचे निष्कर्ष दुसऱ्या भागावर लादू नयेत.

या मोजणीसाठी मोठा खर्च लागत नाही. गावातील शाळेचे वरच्या वर्गातील विद्यार्थी शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली बाजाराच्या दिवशी व एरवीच्या दिवशी ठराविक वेळेत पादचारी, सायकली, दुचाकी आणि मोटारी मोजू शकतात. दुकानातून बाहेर पडणाऱ्या ग्राहकास, तो राजी असल्यास, कसे आलात एवढा एकच प्रश्न विचारता येतो. गणित व भूगोल यांचा तो जिवंत पाठ होईल, आणि ग्रामसभेसमोर अगर नगरपालिकेच्या बैठकीसमोर अंदाजाऐवजी आकडे येतील.

रस्त्याची रुंदी वाढविणे जुन्या पेठेत बहुधा अशक्य असते. असलेली जागा वाटून घेणे एवढेच हाती उरते. कोणत्याही वाटणीत कोणाला तरी थोडे सोडावे लागते. ज्याला सोडावयाचे आहे त्याला आपले म्हणणे ऐकले गेले, मोजणी आपल्यासमक्ष झाली आणि चूक आढळल्यास ती दुरुस्त होईल, असा विश्वास वाटला, तर विरोध मावळला नाही तरी त्याला संवादाचे रूप येते. लोकशाहीतील स्थानिक स्वराज्य संस्थांचे काम हा विश्वास निर्माण करण्याचे आहे.