बेंबी सरकली नव्हती, अंडाशयाला पीळ बसला होता

आम्ही वॉर्डात नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. पंधरा वर्षांची मुलगी आली. दोन दिवसांपूर्वी पाण्याचा हंडा उचलताना तिच्या पोटात उजवीकडे, खाली, एकदम कळ आली होती. मग उलट्या. घरच्यांना वाटलं बेंबी सरकली. शेजारच्या मावशींनी पोट चोळलं. संध्याकाळी दुखणं थांबलं, सगळे निर्धास्त झाले. पहाटे पुन्हा सुरू झालं. आमच्याकडे येईपर्यंत उशीर झाला होता. ते अंडाशय काढावं लागलं.

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढं एकेक अंडाशय असतं. ते पट्ट्यांनी आत टांगलेलं असतं आणि त्याच्या रक्तवाहिन्याही तिथूनच जातात. त्यावर पाण्याची गाठ झाली, विशेषतः पाच सेंटिमीटरहून मोठी, की ते जड होऊन स्वतःभोवती फिरू शकतं, पिळलेल्या लुगड्यासारखं. मग रक्त आत येतं पण परत जात नाही, अंडाशय सुजतं आणि शेवटी रक्तच पोचेनासं होतं. लहान मुलींना गाठ नसतानाही हे होऊ शकतं. गरोदरपणातही होतं.

ओझं उचलताना, धावताना, उडी मारताना कळ सुरू झाली, असं पुष्कळ जणी सांगतात. पण झोपेतही सुरू होते. तेव्हा ‘उड्या मारत होतीस म्हणूनच झालं’ असं मुलीला ऐकवू नका, पुढच्या वेळी ती दुखणं सांगणारच नाही. घोटाळा खरा वेगळाच आहे. हा पीळ कधीकधी आपोआप सैल होतो. कूस बदलली, पाय पोटाशी घेतले, बरं वाटलं, की आपण ‘गेलं’ म्हणतो. गाठ तिथेच असते, पीळ पुन्हा बसतो.

म्हणून एका बाजूला अचानक जोराची कळ आणि सोबत मळमळ किंवा उलटी असेल, तर चोळायचं नाही, गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून खायला-प्यायला देऊ नका. १०८ ला फोन करा. कळ किती वाजता आली, काय करताना आली, आधी अशी येऊन गेली का, पाळी कधी आली, चुकली आहे का, हे डॉक्टरांना सांगा. नळीत गर्भ राहिला किंवा अपेंडिक्स सुजलं तरी असंच दुखतं, तेही थांबण्यासारखं नाही.

सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसला तरी पीळ नाही असं ठरत नाही. दुखणं चालूच असेल तर घरी निघू नका, पुन्हा तपासायला सांगा. वेळेत पोचलं तर दुर्बिणीने पीळ सोडवतात. काळंनिळं पडलेलं अंडाशयही पुष्कळदा वाचतं. ऑपरेशननंतर घरात हळूहळू चालणं चांगलं. हंडा मात्र डॉक्टर सांगेपर्यंत दुसऱ्याने भरायचा, भावाने भरला तरी चालतो.

मुलीचं लग्न झालेलं नाही म्हणून बाईच्या डॉक्टरकडे नेत नाहीत, हे आम्ही अजूनही बघतो. तिची सोनोग्राफी पोटावरूनच करतात.