मूठ जराशी पिळली की गाडी गचके का खाते?

प्रश्न : माझी 160 सीसीची फ्युएल इंजेक्शनवाली बाईक पाच वर्षांची आहे. सकाळी पर्वत पाटियाहून सहारा दरवाज्याकडे कापड बाजारात जाताना गर्दीत, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ती गचके खात चालते. मूठ जराशी पिळली की आधी काहीच होत नाही, मग एकदम उडी मारते. तीच गाडी बार्डोली रस्त्याला साठच्या वेगाने छान पळते. एक मेकॅनिक म्हणतो सेन्सर गेला, दुसरा म्हणतो ईसीयू बदला, तिसरा पेट्रोलमधल्या इथेनॉलला दोष देतो. प्लग आणि एअर फिल्टर बदलले, फरक नाही. मीटरवरचा इंजिनाचा दिवाही लागत नाही. पुढच्या महिन्यात याच गाडीने साक्रीला गावी जायचे आहे. जाऊ का?
– एक वाचक, पर्वत पाटिया, सुरत

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे गाडी गर्दीत बिघडते आणि मोकळ्या रस्त्यावर सुधारते. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा हिशेब ठेवणारा छोटा संगणक, खरोखर बिघडला असता तर त्याने रस्ता पाहून वागणूक बदलली नसती. हा भाग क्वचितच बिघडतो आणि सगळ्यांत महाग पडतो. म्हणून त्याचे नाव यादीत शेवटी ठेवा.

आधी एक समज दूर करू. मूठ पिळली की पेट्रोल जास्त जाते, असे आपण धरून चालतो. इंजेक्शनच्या गाडीत मूठ फक्त हवेच्या वाटेतली एक गोल चकती उघडते. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये आत जाणारी हवाच पेट्रोल ओढून घ्यायची. इथे ईसीयू चकती किती उघडली, आत हवेचा दाब किती, हवा आणि इंजिन किती गरम, क्रँक किती वेगाने फिरतो हे पाहतो आणि इंजेक्टर काही मिलिसेकंदांपुरता उघडतो. टाकीतला पंप साधारण तीन बार दाबाने पेट्रोल तयार ठेवतो. आपल्याकडे 2006 मध्ये हिरो होंडाच्या ग्लॅमरमध्ये ही सोय आली, पण ती घरोघरी पोचली 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाल्यावर. त्यामुळे ‘स्क्रू फिरवून ट्युनिंग करून देतो’ असे अजूनही ऐकू येते. हवा-पेट्रोलचे प्रमाण बदलायचा तसा स्क्रू तुमच्या गाडीत बहुधा नाहीच. थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे ही चकती बसवलेल्या भागावर, रंगाचा ठिपका लावून पक्के केलेले स्क्रू मात्र कोणालाही हलवू देऊ नका. ते हलले की सेन्सरचा मूळ बिंदूच सरकतो आणि एका दोषाचे दोन होतात.

आता गर्दीतच गचके का? सहारा दरवाज्याच्या वाटेवर तुमची मूठ पूर्ण फेऱ्यातला अगदी थोडा भागच फिरते. चकती आणि नळीच्या भिंतीत तेव्हा बारीकशी फट असते आणि सगळी हवा तिथूनच जाते. या कडेला काळपट मळी साचली की त्या छोट्या फटीतला मोठा वाटा अडतो. मूठ हलते, हवा वाढत नाही, आणि चकती मळीच्या कडेपलीकडे गेली की हवा एकदम सुटते. तुम्ही सांगता ती ‘आधी काही नाही, मग उडी’ हीच. साठच्या वेगाला चकती बरीच उघडलेली असते, तिथे तेवढीच मळी नगण्य ठरते.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट घडते, आणि ती बिघाड नाही. मूठ पूर्ण सोडली आणि इंजिनाचे फेरे जास्त असले की ईसीयू पेट्रोल चक्क बंद करतो. पुन्हा मूठ पिळली की पुरवठा सुरू होताना हलका धक्का बसतो. गर्दीत आपण दर काही सेकंदांनी सोडतो-पिळतो, म्हणून धक्क्यांची माळ लागते. तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळण्याऐवजी दुसरा टाकून, मूठ पूर्ण न सोडता चालवून पाहा. तेवढ्यानेच गचके बरेच कमी झाले तर निम्मे कोडे तिथेच सुटले.

उरलेल्या निम्म्यासाठी गॅरेजला जायच्या आधी चेन पाहा. हा धक्का इंजिन बनवत असते, पण तो वाढवून तुमच्यापर्यंत आणते ती ढिली चेन. चेनचा खालचा भाग मधोमध बोटाने वर-खाली हलवला की अशा बऱ्याच गाड्यांत 20 ते 30 मिलिमीटर हलावा. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी पाहा, कारण झिजलेली चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती असते. मागच्या चाकाच्या हबमधले रबर दबले असले तरी हाच अनुभव येतो. मुठीच्या केबलचा मोकळा फेरही बघा. तो पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर सुरुवातीचे पिळणे वायाच जाते. या तीन तपासण्या जवळपास फुकट आहेत, आणि सेन्सर बदलण्याच्या घाईत याच राहून जातात.

हे ठीक असेल तर थ्रॉटल बॉडीकडे वळा. ती साफ करून घ्या, पण मेकॅनिकला आधी पुस्तिका पाहायला सांगा. काही कंपन्या आतल्या भिंतीवर खास लेप देतात. खरखरीत ब्रशने तो गेला की नंतर आयडलिंग कायमचे बिघडते. त्याच वेळी थ्रॉटल बॉडी आणि इंजिन यांना जोडणारे रबर तपासून घ्या. त्याला तडा असेल तर तिथून आत जाणारी हवा मळीसारखी अडत नाही, उलट हिशेब चुकवते. पंगतीत मागच्या दाराने बसलेले पाहुणे वाढप्याच्या गणतीत नसले की वाढप कमी पडते, तसे पेट्रोल कमी पडू शकते. चकती जवळजवळ बंद असताना आतली ओढ सर्वांत जास्त, म्हणून गळतीही हळू चालवतानाच जाणवते. आयडलिंगवर रबरावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारला आणि इंजिनाचा आवाज बदलला, की तडा सापडला. तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोल किंवा ज्वलनशील स्प्रे मारून ही परीक्षा करू देऊ नका.

एअर फिल्टर बदलून फरक पडला नाही, याचे तुम्हाला नवल वाटले असेल. कापडाची गोदामे आणि टेम्पो यांच्या गर्दीत फिल्टर लवकर भरतो, हे खरेच. पण बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या हवेचा दाब फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाजवळ मोजतात. फिल्टर चोंदला की हवा कमी आणि मोजणीही कमी. म्हणून वरच्या वेगातला दम जातो, गर्दीतले गचके सहसा येत नाहीत. तेलकट कागदी फिल्टर हवा मारून साफ करू नका, बदलाच. तुम्ही बदलला हे बरेच केले, फक्त दोष तिथे नव्हता.

दिवा लागत नाही म्हणजे इंजेक्शनमध्ये दोष नाही, हाही समज सोडा. सेन्सरची तार तुटली किंवा त्याचे आकडे अशक्य झाले, तर दिवा लागतो. मळी, हवागळती, ढिली चेन त्याला दिसत नाही. मुठीच्या जागेचा सेन्सर नेमका रोजच्या वापराच्या छोट्या टप्प्यात झिजला असेल, तरी दिवा गप्प राहू शकतो, कारण येणारा आकडा चुकीचा असला तरी शक्य वाटणारा असतो. म्हणून स्कॅनर लावल्यावर नुसते कोड वाचून थांबू नका. मूठ अगदी हळू पिळताना या सेन्सरचा चालू आकडा पाहायला सांगा. साधारण अर्ध्या व्होल्टपासून तो सलग चढत गेला पाहिजे. मध्येच उडी किंवा घसरण दिसली, तरच सेन्सर बदला.

इथेनॉलबद्दल : शुद्ध पेट्रोल जळायला वजनाने 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9 पट. 20 टक्के मिश्रणात पेट्रोल थोडे जास्त सोडावे लागते. सायलेन्सरच्या वाटेतला ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयू ते एका मर्यादेत जुळवून घेतो. ॲव्हरेज थोडे कमी होईल, पण केवळ गर्दीत गचके आणि रस्त्यावर काही नाही, असे इथेनॉल करणार नाही. त्याचा खरा उपद्रव पाण्याशी आहे. टाकीत पाणी गेले तर इथेनॉल ते धरून ठेवते, आणि पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून तळाशी, पंपाच्या तोंडाशीच बसतात. पावसाळ्यात मिठी खाडी भरून आल्यावर तुमची गाडी पाण्यात उभी राहिली असेल, तर मेकॅनिकला ते जरूर सांगा. टाकीचा तळ तपासायला लावा आणि वायरिंगचे कनेक्टर उघडून हिरवट गंज पाहायला सांगा. गंजाने येणारे गचके मात्र वेळ-वेग पाळत नाहीत. ते पावसात आणि खड्ड्यांत कधीही येतात.

बॅटरीची तार काढून ‘रीसेट’ केल्यावर गाडी चार दिवस बरी चालली, तर हुरळून जाऊ नका. ईसीयूने मळीशी जुळवून घेत शिकलेले तेवढे पुसले जाते; मळी जागेवरच असते.

राहिले साक्री. व्यारा, सोनगड, नवापूरपर्यंत रस्ता मोकळा आहे, आणि तुमचे वर्णन पाहता तिथे गाडी त्रास देणार नाही. खरी परीक्षा विसरवाडीनंतरच्या कोंडाईबारी घाटात होते, कारण चढावर इंजिनाला पेट्रोल सलग आणि भरपूर लागते. निघण्याच्या आठवडाभर आधी बार्डोली रस्त्यालाच मोकळी जागा बघून, वेगमर्यादेत, चौथ्या गिअरमध्ये मागे माणूस बसवून मूठ बरीच उघडी ठेवा. गाडी ओढ धरत राहिली, तर चेन आणि थ्रॉटल बॉडीचे काम करून खुशाल जा. मध्येच दम सोडू लागली, तर प्रश्न गर्दीतल्या गचक्यांपुरता नाही, पंप किंवा त्याची जाळी कमी पडते आहे. तेव्हा पेट्रोलचा दाब मोजून घेतल्याशिवाय घाटात जाऊ नका, गावाला एसटीने जा.